बृहत्कायोसॉरस: हाडंच उरली नाहीत, मग विक्रम कशाचा?

गारगोटी

गेल्या आठवड्यात घरचा, शाळेचा आणि सोसायटीचा अशा तिन्ही ग्रुपवर एकच चित्र फिरत आलं. निळ्या देवमाशाच्या शेजारी लांब मानेचा डायनोसॉर, वर "पृथ्वीवरचा आजवरचा सर्वांत अवजड प्राणी भारताचा!" आणि तळाला नेहमीची पुरवणी, "हे तुम्हाला शाळेत शिकवणार नाहीत". प्राणी म्हणजे तमिळनाडूतला बृहत्कायोसॉरस. चित्र झकास होतं. या प्राण्याचं एकही हाड आज कुठल्याही कपाटात नाही, एवढंच त्यावर लिहायचं राहिलं होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अरियलूर भागात (तेव्हा तो तिरुचिरापल्ली जिल्ह्यात होता) कल्लमेडू नावाचं गाव आहे. तिथल्या साधारण ७ कोटी वर्षांपूर्वीच्या थरांत भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या, म्हणजे जीएसआयच्या, पी. यादगिरी आणि के. अय्यासामी यांना काही प्रचंड हाडं मिळाली. कमरेचं हाड, मांडीच्या हाडाचा तुकडा, नडगीचं हाड, पुढच्या पायाचं एक आणि शेपटीच्या मणक्याचा भाग. बस, एवढाच ऐवज. १९८०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी नाव दिलं बृहत्कायोसॉरस मॅटली. आणि गंमत बघा, वर्णन केलं ते मांसाहारी म्हणून! पुढे जीवाश्मशास्त्रज्ञ शंकर चॅटर्जींनी हा लांब मानेचा, झाडपाला खाणारा टायटॅनोसॉर असल्याचं सांगितलं आणि आज सगळे तेच धरून चालतात. हाडं मात्र भुसभुशीत होती, पाण्याने त्यांचा भुगा झाला. ती उरलेली नाहीत, हे २०१७ मध्ये छापूनही आलं.

माझं म्हणणं सरळ आहे. नाव राहू द्या, पण विक्रमांच्या यादीतून हा प्राणी काढा.

कारण वजनाचा सगळा डोलारा एका आकड्यावर उभा आहे: नडगीचं हाड २ मीटर. अर्जेंटिनातल्या तशाच अवाढव्य टायटॅनोसॉरचं, अर्जेंटिनोसॉरसचं, तुलनेला धरतात ते हाड १.५५ मीटर. म्हणजे हा १.२९ पट. लांबी इतकी वाढली की वजन त्याच्या घनाच्या हिशेबाने वाढतं, सुमारे २.१५ पट. अर्जेंटिनोसॉरस ७० टनांचा धरला तर हा झाला १५० टनांचा. आता समजा, ठिसूळ हाडाच्या टोकाला माती चिकटलेली होती आणि ते खरं १.८ मीटरच होतं. गणित पुन्हा करा, ११० टन येतात. वीतभर फरकाने ४० टन गेले! आणि ही वीत आज पुन्हा मोजायची सोय नाही.

मूळ लेखातली चित्रंही रेखाटनं म्हणावीत इतकीच. ज्यांनी हाड हातात धरलं त्यांनाच तो मांसाहारी वाटला, आणि आपण चाळीस वर्षांनी त्याचं वजन टनात सांगतोय.

---

कावेरीकाठ

सपशेल असहमत. गारगोटीताई, तुम्ही मांडणी छान केलीत, पण तराजू दोन वापरलेत.

पहिली गोष्ट, यादगिरी म्हणजे कुणी हौशी माणूस नव्हे. हैदराबादच्या बिर्ला विज्ञान संग्रहालयात कोटासॉरसचा सांगाडा उभा आहे ना? आदिलाबाद जिल्ह्यातल्या यामनपल्लीचा? त्याचं वर्णन १९८८ मध्ये याच यादगिरींनी केलं, शेकडो हाडं हाताळून. तोही शाकाहारी, तोही सॉरोपॉड, म्हणजे लांब मानेच्या डायनोसॉरांपैकी. त्या माणसाला टेपने हाड मोजता येत नव्हतं, असं म्हणायचंय का? गट ओळखताना चुकणं वेगळं आणि लांबी मोजताना चुकणं वेगळं. गट चुकला म्हणून टेपही चुकली, हे कुठलं तर्कशास्त्र?

दुसरी गोष्ट, "रेखाटनं तेवढीच" हे जुनं झालं. २०२२ मध्ये सौरभ पाल आणि अय्यासामींनी त्या वेळचे फोटो छापले आहेत. त्यानंतर २०२३ मध्ये ग्रेगरी पॉल आणि आसिएर लारामेंडी यांनी ११० ते १७० टन असा अंदाज दिला. हे काही व्हॉट्सॲप विद्यापीठाचे कुलगुरू नव्हेत. प्राण्यांची वजनं काढणं हेच त्यांचं काम.

तिसरी आणि महत्त्वाची. स्पायनोसॉरस या मांसाहारी डायनोसॉरची मूळ हाडं १९४४ च्या एप्रिलमध्ये म्युनिकवरच्या बॉम्बहल्ल्यात जळून गेली. पुढची कित्येक दशकं जग जर्मन जीवाश्मशास्त्रज्ञ श्ट्रोमर यांच्या १९१५ च्या वर्णनावर चाललं. तेव्हा कुणी म्हटलं का, हाडं नाहीत तर यादीतून काढा? जर्मन माणसाचा कागद चालतो, जीएसआयचा कागद चालत नाही. असं का बरं?

---

गारगोटी

कावेरीकाठ, श्ट्रोमरचं उदाहरण तुम्ही दिलंत ते बरं झालं. त्यांनी हाडांची एकेक बाजू दाखवणारी तपशीलवार चित्रपत्रं छापली होती, मापांसकट. म्हणून हाडं जळाली तरी माहिती उरली. कल्लमेडूच्या हाडांचं वर्णन काही पानांत आटोपलं. मुद्दा जर्मन की भारतीय हा नाहीच, कागदावर किती उतरलं हा आहे.

कागद परदेशी असला तरी सूट नाही, त्याचं उदाहरण देते. अमेरिकेत एडवर्ड कोप यांनी १८७८ मध्ये एका मणक्यावरून ॲम्फिसिलिअसची एक जात जाहीर केली. मणका हरवला. चित्र उरलं. त्यावरून या प्राण्याची लांबी ५८ मीटरपर्यंत सांगत होते, प्रत्येक यादीत पहिला नंबर. २०१८ मध्ये केनेथ कार्पेंटर यांनी तेच चित्र पुन्हा तपासलं, प्राणी वेगळ्याच कुळातला ठरवला, नाव बदलून मारापुनिसॉरस केलं आणि लांबी आली ३०-३२ मीटरवर. आधीचा ५८ चा अंदाजही त्यांचाच होता, बरं का. हाड नसलं की असं होतं.

---

शंकेखोर

तुम्ही दोघं वजनावर भांडताय. ते हाड होतं हे तरी नक्की का?

विनोद करत नाहीये. त्याच भागात जीवाश्म झालेली झाडं ढिगाने आहेत. पेरांबलूर जिल्ह्यात सातनूरला सुमारे १८ मीटरचं दगड झालेलं खोड आडवं पडलेलं आहे, तिरुवक्करैला तर अशा खोडांचं अख्खं उद्यान आहे. दोन मीटर लांब, गोल, तपकिरी वस्तू जमिनीतून डोकावतेय. हाड की खोड? ही शंका माझ्या आधी जाणकारांनीच घेतलेली आहे.

आणि यादगिरी-अय्यासामी या जोडगोळीचा इतिहास? १९७९ मध्ये याच दोघांनी द्रविडोसॉरस जाहीर केला, पाठीवर तबकड्या असलेला शाकाहारी डायनोसॉर म्हणून. १९९६ मध्ये चॅटर्जी आणि रुद्र म्हणाले, अहो हा समुद्री सरपटणारा प्राणी दिसतोय, प्लेसिओसॉर! बाकी चालू द्या.

---

कावेरीकाठ

शंकेखोर, खोडाची शंका फोटो येण्याआधीची. फोटो बघितल्यावर पॉल-लारामेंडींनी ती हाडं सॉरोपॉडची म्हणूनच हिशेबात घेतली. आणि ज्या चॅटर्जींचा दाखला तुम्ही द्रविडोसॉरसविरुद्ध देताय, त्याच चॅटर्जींनी कल्लमेडूच्या ऐवजाला टायटॅनोसॉर म्हटलं, लाकूड नव्हे. साक्षीदार एकच, पण तुम्हाला सोयीची तेवढीच साक्ष घ्यायची?

---

शंकेखोर

हा टोला मान्य. तरी हाड आणि लाकूड वेगळं करायची खात्रीची रीत म्हणजे पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं. हाडात रक्तवाहिन्यांच्या नळ्या दिसतात, लाकडात पेशींच्या रांगा. त्याला नखाएवढा तुकडा पुरतो. तो आहे का? नाही. मग माझी शंका मेलेली नाही, आजारी आहे म्हणा हवं तर.

---

नुसताच_वाचक

धागा तापला. चहा ठेवलाय, येऊ द्या.

---

पोतं_नि_प्लास्टर

वरच्या कुणी जमिनीतून जीवाश्म काढलेला दिसत नाही, म्हणून लिहितो. एम.एस्सी. जिऑलॉजीच्या दिवसांत उन्हाळ्यात खोदकामावर हमाली केली आहे.

कल्लमेडूचे थर म्हणजे वाळू आणि चिकणमाती. अशा ठिकाणचं हाड बाहेरून दगडासारखं दिसतं, पण बोट लावलं की पापुद्रे निघतात. ते तसं उचलता येत नाही. आधी ब्रशने माती झाडायची, मग पातळ केलेला डिंक थेंबाथेंबाने मुरवायचा, वाळू द्यायचा, पुन्हा मुरवायचा. वर ओला कागद, कारण प्लास्टर थेट हाडाला चिकटलं तर काढताना हाडच सोलून निघतं. त्यावर तागाच्या पोत्याच्या पट्ट्या प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये बुडवून गुंडाळायच्या. वरची बाजू सुकली की खालून खणायचं, सगळ्यांनी मिळून उलटं करायचं आणि खालच्या बाजूला तेच पुन्हा. मीटरभराच्या हाडाला अख्खा दिवस जातो आणि पाच-सहा माणसांशिवाय ते हलत नाही. दोन मीटरच्या हाडाला क्रेनच हवी, किंवा ते तोडून न्यायचं.

यात पाणी शिरलं की संपलं. चिकणमाती फुगते, हाड आतून फुटतं. आणि त्या भागात मुख्य पाऊस येतो तो ऑक्टोबर ते डिसेंबर, आपल्यासारखा जूनमध्ये नाही. तेव्हा "सरकारी अनास्थेने हाडं घालवली" असं म्हणणाऱ्यांनी आधी एकदा प्लास्टर कालवून बघावं.

मात्र गारगोटीताईंच्या वीतभर फरकाच्या मुद्द्याला माझा पाठिंबा. भेगाळलेलं हाड जमिनीत असताना मोजलं तर भेगांची जागासुद्धा लांबीत धरली जाते. मी स्वतः पाहिलंय, जमिनीत ९० सेंटीमीटर भरलेलं हाड प्रयोगशाळेत जोडल्यावर कमी भरलं. प्रामाणिक माणसाच्या टेपनेही हे होतं.

---

वरोरेकर

काखेत कळसा अन् गावाला वळसा, दुसरं काय! साहेबहो, तमिळनाडूच्या नसलेल्या हाडांवर एवढी चर्चा चाललीय, अन् आमच्या चंद्रपूरच्या असलेल्या हाडांना कोणी विचारून राहिलं नाही.

वरोरा तालुक्यातलं डोंगरगाव. तिथल्या टेकडीतून १९८०च्या दशकात कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या लोकांनी एका टायटॅनोसॉरचा सांगाडा काढला. मानेचे मणके, पाठीचे मणके, बरगड्या, खांदा, कंबर, पुढचा पाय. कवटी अन् मागचे पाय तेवढे मिळाले नाहीत. १९९७ मध्ये जैन आणि बंदोपाध्याय यांनी त्याला टायटॅनोसॉरस कोल्बर्टी म्हटलं, २००३ मध्ये विल्सन आणि अपचर्च यांनी वेगळं नाव दिलं, आयसिसॉरस. त्या संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून आहे ते. आमच्याकडची पोरं भलत्याच संघटनेचं नाव समजतात म्हणून सांगून ठेवतो. टायटॅनोसॉर म्हटले की जगभर सुटी हाडंच जास्त, एवढा सांगाडा एकत्र मिळणं मोठी गोष्ट आहे.

तिथून जवळच पिसदुरा. शेतात नांगर फिरला की आजही दगड झालेली लेंडं वर येतात, मी स्वतः वेचलेली आहेत लहानपणी. ती टायटॅनोसॉरची असावीत असं मानतात. २००५ मध्ये वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रोमबर्ग, अशोक साहनी वगैरेंनी त्या लेंडांतून गवताचे सूक्ष्म सिलिकाकण काढून दाखवले. त्याआधी पुस्तकांत काय होतं? डायनोसॉरच्या काळात गवत नव्हतं म्हणे! आमच्या पिसदुऱ्याच्या शेणाने जगाची पुस्तकं बदलली. ते चित्र कोणत्या ग्रुपवर आलं का? नाही आलं. कारण त्यात "सर्वांत मोठा" नाही.

---

गारगोटी

वरोरेकर भाऊ, हे मीच धाग्यात लिहायला हवं होतं असं वाटायला लावलंत. आयसिसॉरसबद्दल वजनाचा नाही, प्राण्याचा वाद घालता येतो. मान कशी वाकायची, पुढचे पाय लांब का, असे. बृहत्कायोसॉरसबद्दल फक्त "किती टन" एवढंच बोलता येतं, कारण बोलायला दुसरं काही शिल्लकच नाही.

---

नर्मदाकाठ

मी कावेरीकाठांच्या बाजूने, पण वेगळ्या कारणाने. हरवलेलं सापडतं!

जबलपूरच्या बारा सिमला टेकडीवर १८२८ मध्ये कॅप्टन विल्यम स्लीमन यांना (हो, ठगांचा बंदोबस्त करणारे तेच) शेपटीचे मणके मिळाले. हिंडत-फिरत ते कलकत्त्याला पोचले आणि १८७७ मध्ये रिचर्ड लायडेकर यांनी त्यांवर नाव ठेवलं, टायटॅनोसॉरस इंडिकस. भारतातला पहिला नामधारी डायनोसॉर. मग मणके गायब. शंभराहून जास्त वर्षं गेली. २०१२ मध्ये धनंजय मोहबे आणि सुभाशिष सेन यांना जीएसआयच्या कलकत्त्यातल्या संग्रहातच त्यातला मणका मिळाला. जबलपूरच्या हाडांचं हे झालं, तर कल्लमेडूचा एखादा तुकडा कुठल्या खोक्यात नसेल कशावरून?

---

गारगोटी

नर्मदाकाठ, जबलपूरचा मणका चुकीच्या जागी पडला होता. कल्लमेडूच्या हाडांची माती झाली. कपाट उघडून मातीची हाडं होत नाहीत.

आणि टायटॅनोसॉरसची गोष्ट अर्धी सांगितलीत. २००३ मध्ये विल्सन-अपचर्च यांनी ते नाव संशयास्पद ठरवलं, म्हणजे त्या मणक्यांवरून ही जात दुसऱ्यांपासून वेगळी काढता येत नाही. लायडेकरांच्या काळी शेपटीच्या मणक्याचा पुढून खोलगट, मागून गोलसर आकार नवलाचा होता. पुढे तसे मणके अर्जेंटिनापासून मादागास्करपर्यंत सापडले. मणका परत मिळाल्याने तो निकाल काही फिरला नाही. मोजक्या हाडांच्या प्राण्याला हाडं सापडूनसुद्धा आधार मिळेल असं नाही, हाडं गेलेल्याचं तर बोलायलाच नको.

---

नर्मदाकाठ

पण म्हणून टायटॅनोसॉर हा अख्खा गट त्या नावाने ओळखायचं कुणी थांबवलं का? मूळ नाव संशयास्पद, आणि त्यावरून पडलेलं घराण्याचं नाव जगभर चालू. वरोरेकरांचा आयसिसॉरस त्याच घराण्यातला. तुमच्या न्यायाने लायडेकरांनी दोन मणक्यांवर गप्पच बसायला हवं होतं.

---

वजनकाटा

गारगोटी, घनाचा हिशेब ढोबळ आहे हे तरी लिहायचं. लांबी तेवढ्या प्रमाणात वाढली म्हणजे सगळं शरीर त्याच प्रमाणात वाढलं असं धरावं लागतं. टायटॅनोसॉरांत लांब पायांचे किडकिडीतही होते आणि आखूड पायांचे जाडजूडही. शिवाय ज्याच्याशी तुलना करताय त्या अर्जेंटिनोसॉरसचंच वजन कुणी ६५ टन म्हणतं, कुणी ८०. पायाच अंदाजाचा. म्हणूनच पॉल-लारामेंडींनी ११० ते १७० एवढा रुंद पट्टा दिलाय. तो पट्टा म्हणजे प्रामाणिकपणा, त्याला लबाडी म्हणू नका. लबाडी ती चित्रवाल्याची, ज्याने वरचा आकडा उचलून देवमाशाशेजारी चिकटवला.

---

कावेरीकाठ

वजनकाटा यांच्याशी सहमत, आणि माझी मागणीही तेवढीच. यादीत ठेवा, शेजारी पट्टा छापा, खाली "हाडं नष्ट" असं लिहा. वाचकाला कळतं सगळं. मुळातून काढून टाकलं की पुढच्या पिढीला कल्लमेडूला जायचं कारणच उरणार नाही. सिमेंटच्या चुनखडीसाठी अरियलूरची जमीन आधीच खणून काढताहेत. जीवाश्मस्थळं जपायला देशात स्वतंत्र कायदा नाही, २०२२ च्या शेवटी मसुदा आला तेवढाच. अशा वेळी एका भल्यामोठ्या आकड्यामुळे लोकांची नजर तिकडे वळत असेल तर त्यात माझं काही जात नाही.

---

गारगोटी

आकड्याने नजर वळवायची, आणि नंतर हाड निघालं ११० टनांच्या प्राण्याचं, की तीच नजर म्हणणार "शास्त्रज्ञ रोज बदलतात". मला ते परवडत नाही, रोज आठवीच्या वर्गासमोर उभी राहते मी.

---

पोतं_नि_प्लास्टर

दोघांनाही एक विचारतो. उद्या कल्लमेडूच्या त्याच थरात दुसरं मोठं हाड मिळालं, तर ते बृहत्कायोसॉरस म्हणायचं की नवं नाव द्यायचं? मूळ नमुना नष्ट झाला असेल तर त्या जागी नवा आधारनमुना नेमायची तरतूद नामकरणाच्या नियमांत आहे. स्पायनोसॉरसच्या बाबतीत मोरोक्कोतल्या सांगाड्याला तो मान द्यायचा प्रस्ताव २०१४ मध्ये आला आणि त्यावरही भांडणं झालीच.

---

कावेरीकाठ

त्याच जागेचं, त्याच थराचं आणि त्याच मापाचं असेल तर बृहत्कायोसॉरसच. नाव जिवंत ठेवायचं म्हणतो ते त्यासाठीच.

---

गारगोटी

मापाचं जमणार नाही, जुनं माप तपासताच येत नाही तर जुळलं कशाशी म्हणणार? एकाच थरात दोन-तीन जातींचे टायटॅनोसॉर असणं नवीन नाही, आपल्याच मध्य भारतातल्या लॅमेटा थरांत आयसिसॉरसबरोबर जैनोसॉरस आहे. नवं हाड मिळालं तर त्याला नवा क्रमांक द्या, नीट फोटो काढा, नखाएवढा तुकडा शंकेखोरांना द्या. मग त्याचं वजन काय भरेल ते भरो.

---

शंकेखोर

तुकडा घरपोच चालेल.